व्हायवात न दिसणारा डॉक्टर

भूलशास्त्रात एमडी करणाऱ्या रेसिडेंटांची 'तांत्रिकेतर कौशल्यं' (वेळेवर मदत मागणं, निर्णय घेणं, बरोबरच्यांशी बोलणं यांसारखी) तपासावीत का, हा वाद वैद्यकीय शिक्षकांमध्ये अधूनमधून चांगलाच रंगतो. एक बाजू म्हणते, हे सगळं हवेतलं आहे. श्वासनलिकेत नळी घालता येते का, स्पायनल, म्हणजे पाठीत सुई देऊन भूल देणं, जमतं का, औषधांचे डोस तोंडपाठ आहेत का, एवढं बघा. बाकीचं अनुभवानं येतं, आम्हालाही तसंच आलं. दुसरी बाजू म्हणते, जग कुठल्या कुठे गेलं, आपणही गुणांचा तक्ता आणू, दोन दिवसांची कार्यशाळा घेऊ, प्रमाणपत्रं वाटू. दोन्हीकडची मंडळी तावातावानं बोलतात आणि दोघंही एक गोष्ट गृहीत धरतात: अशी तपासणी आज होत नाही, ती सुरू करायची की नाही एवढाच काय तो प्रश्न.

ती आज होते. रोज होते, फक्त ज्याची होते त्याच्या पाठीमागे होते. “पोरगं हुशार आहे, पण इमर्जन्सीत हातपाय गाळतं.” “हिचा हात छान आहे, पण अडली तरी कुणाला बोलावणार नाही.” “त्याला रात्री एकट्याला ठेवू नका.” ड्यूटी लावताना, लेक्चररच्या जागेसाठी नाव सुचवताना, एखाद्या खासगी हॉस्पिटलमधून “तुमच्याकडचा तो कसा आहे हो?” असा फोन आल्यावर अशाच वाक्यांवर निर्णय होतात. ही सगळी तांत्रिकेतर कौशल्यांवरचीच मतं आहेत. ती कशावरून बनली, कोणी बनवली, दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या रात्रीवरून तर नाहीत ना, हे कोणी विचारत नाही. आणि ज्याच्याविषयी आहेत त्याला ती तीन वर्षांत कधी कळत नाहीत. तेव्हा मूल्यमापन करावं का, हा प्रश्न केव्हाच निकालात निघालेला आहे. ते कुजबुजीत करायचं की समोर बसून, एवढंच ठरवायचं आहे. माझं मत असं: ते उघडपणे करावं, डोळ्यांना दिसलेल्या वागण्यावर करावं, लिहून करावं, त्याच दिवशी त्या रेसिडेंटला सांगावं, आणि एमडीच्या पास-नापासात मात्र त्याचा एक गुणही धरू नये. ही शेवटची अट बऱ्याच जणांना विसंगत वाटते. तिच्याकडे येतोच.

तांत्रिकेतर हे नाव भारदस्त आहे, आत मात्र साधीच माणसं साध्या गोष्टी करत असतात. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ ऱ्होना फ्लिन आणि तिथल्या काही भूलतज्ज्ञांनी मिळून 'ॲन्ट्स' नावाची, भूलतज्ज्ञांची तांत्रिकेतर कौशल्यं तपासण्याची पद्धत बसवली. २००३ मध्ये ती 'ब्रिटिश जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया'त प्रसिद्ध झाली. कामाची आखणी, इतरांबरोबर काम करणं, परिस्थितीचं भान आणि निर्णय घेणं असे चार मथळे, त्यांखाली मिळून १५ घटक, आणि प्रत्येक घटकाला चांगल्या-वाईट वागण्याचे नमुने. डॉक्टर गोड बोलतो का, मनमिळाऊ आहे का, याची त्यात चौकशी नाही. पुढे काय होऊ शकतं ते आधी बोलून दाखवलं का, मदत वेळेवर मागितली का, पहिला उपाय लागू पडत नाही म्हटल्यावर दुसरा हाती घेतला का, असलं त्यात आहे.

अगदी जवळून बघायचं तर रात्री अडीचचं सिझेरियन घ्या. स्पायनल दिल्यावर काही मिनिटांत बाईचं प्रेशर ७० वर येतं, ती “मला कसंतरीच होतंय” म्हणते, ओकारी येते. पहिला रेसिडेंट मॉनिटरवरची नजर न हलवता म्हणतो, “मेफेन द्या कोणीतरी, फ्लुइड वाढवा.” मेफेन म्हणजे प्रेशर वर आणणारं औषध. सिस्टर मॉप मोजते आहे, मामा (वॉर्डबॉय) लाइट फिरवतो आहे, 'कोणीतरी' या नावाचं खोलीत कोणी नाही. मग तोच ट्रॉलीकडे वळतो, अँप्यूल शोधतो, फोडतो, भरतो, आणि तेवढा वेळ पेशंटकडे त्याची पाठ. दुसरी रेसिडेंट बाईच्या डोक्याशीच उभी राहून म्हणते, “प्रिया सिस्टर, मेफेन सहा मिलिग्रॅम द्या, दिलं की मला सांगा. मामा, उजव्या कुशीखालची वेजची उशी सरकलीय, आत ढकला. सर, प्रेशर सत्तर आहे, मिनिटभर थांबता का?” आणि मग बाईकडे वाकून, “ताई, प्रेशर जरा खाली आलंय, औषध दिलंय, आत्ता बरं वाटेल.” दोघांची सुई पहिल्याच प्रयत्नात लागली होती. दोघांच्या लॉगबुकात एकच ओळ जाणार: एलएससीएस (म्हणजे सिझेरियन), स्पायनल, बिनबोभाट. या दोघांत जो फरक आहे तो अंतर्ज्ञानानं ओळखण्यासारखा आहे का? खोलीतल्या प्रत्येकाला तो दिसला. सिस्टरला तर सर्वांत आधी.

आपली परीक्षा यातलं काय पाहते? एक लाँग केस (एका पेशंटची सविस्तर तपासणी आणि त्यावर प्रश्न), काही शॉर्ट केसेस, मग व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, टेबलं: औषधं, उपकरणं, ईसीजी, एक्स-रे. समोर मॅकिंटॉशचा ब्लेड (नळी घालताना घसा बघायच्या लॅरिंगोस्कोपचं पातं) ठेवतात आणि त्याचे भाग विचारतात. भूल देण्याच्या बॉइल मशिनच्या सुरक्षा योजना क्रमानं म्हणायला लावतात. मॅगिल सर्किटात (मशिनपासून पेशंटपर्यंत गॅस नेणाऱ्या नळ्यांच्या एका जोडणीत) ताज्या गॅसचा प्रवाह किती हवा, हे ते सर्किट उभ्या रेसिडेन्सीत फारसं न वापरलेला मुलगा घडाघडा सांगतो. हे सगळं यायला हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण तीन वर्षांत शेकडो केसेस करून बाहेर पडणारा माणूस ऐन गडबडीत कसा वागतो, हे त्या टेबलांपलीकडे बसलेल्या एक्स्टर्नलला, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाला, कळण्याचा काही मार्गच नाही. एमबीबीएसला २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा रीतसर अभ्यासक्रम आला. तो कसा शिकवला जातो हा निराळा विषय, पण निदान पहिल्या वर्षाच्या मुलाला पेशंटशी कसं बोलावं हे शिकवायला हवं असं कुणाला तरी वाटलं. रात्री अडीचला सर्जनशी कसं बोलावं, हे शिकवणं मात्र आपण अजून नशिबावर सोडलेलं आहे.

आता विरोधकांचं म्हणणं. सर्वांत जुना मुद्दा अनुभवाचा. अनुभवानं बरंच काही येतं हे खरंच आहे. वीस वर्षं भूल देणाऱ्याला पेशंटचा नुसता रंग बघून जे कळतं ते पुस्तकात नाही. पण अनुभवानं हेही आपोआप येतं का? इंग्लंडमधल्या इलेन ब्रॉमिली यांचं प्रकरण या संदर्भात नेहमी सांगितलं जातं आणि नेहमी अर्धवट सांगितलं जातं. २९ मार्च २००५ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, सायनसच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेसाठी त्या टेबलावर गेल्या. भूल दिल्यावर श्वासमार्ग ताब्यात येईना, ऑक्सिजनची पातळी ४० टक्क्यांपर्यंत उतरली. नळी घालण्याचे प्रयत्न मात्र सुरूच राहिले, वीस मिनिटांहून जास्त. तिथे दोन भूलतज्ज्ञ होते आणि एक कान-नाक-घसा सर्जन; सगळे कित्येक वर्षांचे अनुभवी. गळ्यातून श्वासाला वाट करून देणं, हे ज्याच्या हातचं काम तो सर्जन टेबलाशी उभा होता. एक नर्स ट्रेकिऑस्टॉमीचा संच घेऊन आली आणि तयार आहे म्हणाली. दुसरीनं आयसीयूत खाट सांगून ठेवली आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा भाव बघून परत रद्द केली. तेरा दिवसांनी त्या गेल्या. त्यांचे पती मार्टिन ब्रॉमिली वैमानिक होते. पुढे त्यांनी याच प्रश्नावर संस्था उभी केली म्हणून हे सगळं जगाला कळलं. हे ऐकून आपल्याकडे लोक म्हणतात, “बघा, नळी घालता आली नाही.” नळी न जाणं हा कुणाच्याही वाट्याला येणारा प्रसंग आहे, त्यासाठीच तर पुढच्या पायऱ्या ठरवलेल्या आहेत. तिथे कमी पडलं ते वेळेचं भान, थांबून दुसरी वाट धरणं, आणि नर्सचं बोलणं कानात शिरणं. यातलं काय आणखी पाच वर्षांच्या नोकरीनं आलं असतं?

हे एकट्या प्रसंगावरून म्हणतो आहे असंही नाही. बॉस्टनमध्ये जेफ्री कूपर नावाच्या इंजिनिअरनं भूलतज्ज्ञांच्या मुलाखती घेऊन टाळता येण्यासारखे शेकडो प्रसंग गोळा केले आणि १९७८ मध्ये मांडले. त्यांपैकी ८२ टक्क्यांत माणसाची चूक होती, यंत्रं बंद पडल्याचे प्रसंग १४ टक्के. तेव्हापासून यंत्रं किती तरी सुधारली. पल्स ऑक्सिमीटर आला, श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा कॅप्नोग्राफ आला. कॅप्नोग्राफची रेघ सपाट असताना, म्हणजे श्वास पोचत नाही असं ती सांगत असताना, 'मशिन बिघडलं असेल' असं वाटणं मात्र कोणत्याही कंपनीला दुरुस्त करता आलेलं नाही.

आणि नजर कुठे ठेवायची हेसुद्धा शिकवलं जातं, याला आपल्या जवळचाच दाखला आहे. हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचा ठाम सिद्धान्त होता की क्लोरोफॉर्म देताना फक्त श्वासाकडे लक्ष द्यावं, नाडी बघण्यात वेळ दवडू नये. हृदय थांबायच्या आधी श्वास थांबतोच. निजामाच्या पैशांवर १८८८ मध्ये आणि पुन्हा १८८९ मध्ये क्लोरोफॉर्म आयोग बसले. निजामानं पैसे दिले म्हणून दुसऱ्या आयोगावर 'लॅन्सेट'नं लंडनहून आपला माणूसही पाठवला. शेकडो कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि आयोगानं लॉरींचंच म्हणणं खरं ठरवलं. (आजचा मराठवाडा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता, आपल्या पाठ्यपुस्तकांत या प्रकरणाला दोन ओळी मिळाल्या तरी पुष्कळ.) पुढे १९११ मध्ये डॉ. गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये हृदयाचे ठोके एकाएकी विस्कटून, श्वास चालू असतानाही, माणूस जाऊ शकतो. लॉरी अडाणी होते का? मुळीच नाही. हजारो भूल दिलेल्या माणसाचा हात होता तो. त्यांनी शिष्यांना एका ठिकाणी बघायला शिकवलं आणि दुसरीकडे न बघायलाही शिकवलं, आणि शिष्य ते निष्ठेनं शिकले. म्हणजे परिस्थितीचं भान ही काही जन्मजात देणगी नव्हे. गुरू ते घडवतो, बिघडवतोही. जे घडवता येतं ते नीट घडलं की नाही, हे बघायचं नाही असं म्हणायला आधार कोणता?

दुसरा मुद्दा मोजण्याचा, आणि तो खरोखर वजनदार आहे. ॲन्ट्स बसवणाऱ्यांनीच ५० कन्सल्टंट भूलतज्ज्ञांना आठ चित्रफिती दाखवून गुण द्यायला सांगितले. त्यांच्यातला मेळ कामचलाऊ निघाला, फार चांगला नाही. पुढे २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दिसलं की एका दिवसाच्या प्रशिक्षणावर भूलतज्ज्ञांना ही मोजपट्टी भरवशानं वापरता येत नाही. तेव्हा 'हे शास्त्रीय आहे, आकड्यांत आहे' असं सांगून जे पुढे करतात ते लोकांची दिशाभूल करतात. पण विरोधक इथे थांबून विजयाची पिपाणी वाजवतात, ते मला पटत नाही. लाँग केसचे गुण मोजपट्टीनं पडतात का? परीक्षेच्या आदल्या रात्री रेसिडेंट हॉस्टेलमध्ये पहिला प्रश्न काय विचारतात? “एक्स्टर्नल कोण आहे?” एकाला हृदयाच्या झडपा आवडतात, दुसऱ्याला लहान मुलं, तिसरा जेवणाआधी कडक आणि जेवणानंतर मऊ. ती मनमानी आपल्या अंगवळणी पडली आहे म्हणून ती वस्तुनिष्ठ वाटते. नवी मनमानी नजरेत खुपते एवढंच.

शिवाय मेळ किती हवा हे कामावर ठरतं. कुणाला नापास करायचं असेल तर दोन परीक्षकांत एका गुणाचाही फरक अन्याय ठरेल. पण संध्याकाळी चहा पिताना रेसिडेंटला सांगायचं असेल, की आज ब्लीडिंग वाढलं तेव्हा तू पहिली सात-आठ मिनिटं सर्जनला काहीच बोलला नाहीस, ते का, तर तिथे दोन गुण की तीन हा वाद गौण आहे. सात-आठ मिनिटं तो गप्प होता हे खरं आहे आणि त्याला ते आठवत नाही हेही खरं आहे. गुणांचा खटाटोप सोडला की या पद्धतीतला कमकुवत भाग गळून पडतो आणि कामाचा भाग हातात राहतो.

समर्थकांना इथे दोन शब्द सुनावले पाहिजेत. त्यांची सगळी भिस्त विमानांवर. १९७८ च्या डिसेंबरात पोर्टलंडजवळ युनायटेडचं विमान चाकांचा बिघाड शोधता शोधता तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. दहा जण गेले. इंधन कमी होतंय हे कॉकपिटमध्ये माहीत होतं, पण कॅप्टनच्या डोक्यात शिरेल अशा शब्दांत ते सांगितलं गेलं नाही. हा प्रसंग ब्रॉमिली प्रकरणाशी तंतोतंत जुळतो आणि सांगावा असाच आहे. पण त्यावरून ऑपरेशन थिएटर म्हणजे कॉकपिट असं ठोकून देणं बरं नव्हे. बिघडलेलं विमान उडवायचं नाही, असं ठरवता येतं. आतडं फुटलेला पेशंट रात्री दोनला आला तर 'उद्या या' म्हणता येत नाही. आणि वैमानिक प्रवाशांच्या बरोबरच मरतो, या एका गोष्टीनं त्याला जी शिस्त लागते ती आपल्याला कुठलीही कार्यशाळा लावू शकणार नाही.

कार्यशाळांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची सुरक्षा-यादी २००८ मध्ये आली. दिल्लीसह आठ शहरांतल्या पहिल्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं, आणि सगळीकडे जयजयकार झाला. २०१४ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातून १०१ रुग्णालयांचे आकडे आले. तिथे यादी सक्तीची केल्यावर म्हणण्याजोगा फरक पडलेला नव्हता. का? यादी भरणं आणि एकमेकांशी बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या ओटींमध्ये (ऑपरेशन थिएटरांमध्ये) केसपेपरला लावलेले ते फॉर्म कधी निरखून बघा. सगळ्या खुणा एकाच पेनानं, एकाच तिरक्या रेघेत, सकाळच्या चारही केसेसच्या एकदम, दुपारी जेवणानंतर केलेल्या. तांत्रिकेतर कौशल्यांचा तक्ता वरून लादला तर त्याचं हेच होईल. रेसिडेंट परीक्षेपुरतं “सिस्टर, ऐकलंत ते परत म्हणा” असं पाठ करून येतील, एक्स्टर्नल गुण देतील, आणि रात्री अडीचला पुन्हा 'कोणीतरी'.

तिसरा आक्षेप रेसिडेंटांच्या बाजूनं येतो आणि त्याला उत्तर द्यायच्या आधी मान खाली घालावी लागते. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग ड्यूटी सर्वसाधारणपणे १२ तासांहून जास्त नसावी असं म्हटलेलं आहे. ते वाक्य कुठल्याही रेसिडेंटला वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा. तिसाव्या तासाला डोळे मिटत असलेल्या मुलीच्या 'परिस्थितीच्या भाना'वर शेरा मारायचा आणि तिला तीस तास जागं ठेवणाऱ्या व्यवस्थेवर काहीच लिहायचं नाही, हा निव्वळ ढोंगीपणा. पण यातून 'म्हणून तपासू नका' असं निघत नाही. उलट निघतं. फॉर्मवर वरच एक रकाना ठेवा: ड्यूटीचा कितवा तास. बरोबर सीनियर होता का. मशिन तपासायला वेळ मिळाला होता का. असे शंभर-दीडशे कागद एका विभागात साठले की चुका कोणत्या तासाला वाढतात हे अधिष्ठातांच्या टेबलावर कागदोपत्री जाईल. आज ते फक्त रेसिडेंटांच्या निवेदनात असतं आणि निवेदनाची पोच देऊन प्रश्न मिटवता येतो.

मग प्रश्न उरतो परदेशी मापाचा. ॲन्ट्स स्कॉटलंडमध्ये तयार झाली. तिथला भूलतज्ज्ञ पगारी असतो, त्याच्या हाताशी त्याच कामाचं शिक्षण घेतलेला सहायक असतो, यंत्रं त्याच्या ओळखीची असतात. आपला रेसिडेंट एमडी होऊन कुठे जातो? बरेच जण जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत फ्रीलान्सिंग करतात. गाडीच्या डिकीत स्वतःची बॅग: लॅरिंगोस्कोप, ॲम्बू बॅग, नळ्या, इमर्जन्सीची औषधं. सकाळी एका नर्सिंग होममध्ये हर्निया, अकराला दुसरीकडे सिझेरियन, दुपारी तिसरीकडे फ्रॅक्चर. प्रत्येक ठिकाणी माणसं वेगळी, मशिन वेगळं. सिलिंडरची चावी कुठे आहे हे ज्या मामाला माहीत तो आज सुट्टीवर. सक्शन चालतं, पण पायानं दाबून. बोलावणारा सर्जन, पैसे देणाराही सर्जनच. आणि तो म्हणतो, “मॅडम, पेशंटनं सकाळी सातला नुसता चहा-बिस्कीट घेतलंय, पाच मिनिटांचं काम आहे, घेऊन टाकू.” इथे लागणारं मुख्य कौशल्य कोणतं? 'थांबावं लागेल' म्हणणं, आणि उद्या पुन्हा फोन येईल अशा रीतीनं म्हणणं. तेही सगळ्या स्टाफसमोर, नातेवाईक दाराशी असताना. हे स्कॉटलंडच्या यादीत सापडणार नाही, कारण तिथल्या भूलतज्ज्ञाची रोजीरोटी त्या एका वाक्यावर टांगलेली नसते.

तेव्हा परदेशी माप नको हे म्हणणं मला मान्य आहे. फक्त त्यातून हात झटकता येत नाहीत. ॲबर्डीनच्या लोकांनी ती यादी आकाशातून आणली नव्हती. भूलतज्ज्ञांना विचारून, प्रसंग ऐकून, अपघातांचे अहवाल चाळून बनवली. आपणही तेच करावं. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ राज्यातल्या एमडीच्या परीक्षा घेतं. त्यानं मुंबई-पुण्याबरोबर अंबाजोगाई, यवतमाळ, मिरज इथल्या शिक्षकांना, आणि वीस वर्षं फ्रीलान्सिंग केलेल्यांना, एकत्र बसवून विचारावं: तुमच्याबरोबरच्या ज्याच्या हाती तुम्ही स्वतःच्या आईला द्याल, तो नेमकं काय करतो? मला खात्री आहे, “स्वभावानं चांगला आहे” असं पहिलं उत्तर येईल. तिथे न थांबता 'म्हणजे काय करतो' असं पुन्हा विचारलं की यादी बनायला लागेल. केस घेण्याआधी सक्शन स्वतः चालवून बघतो. टेबलावरच्या सगळ्यांची नावं आधी विचारून घेतो. स्पायनल भरण्याआधी अँप्यूलवरचं नाव मोठ्यानं वाचतो, कारण रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची अँप्यूल स्पायनलच्या बुपिव्हॅकेनच्या अँप्यूलसारखी दिसली तर काय होतं हे त्याला ठाऊक आहे. सर्जन चिडला तरी आवाज चढवत नाही आणि मुद्दाही सोडत नाही.

राहिला सर्वांत अवघड आक्षेप, ज्याच्यामुळे मी गुणांच्या विरोधात आहे. आपल्याकडे हा कागद कोणाच्या हातात जाणार? ज्याच्या सहीवर थिसिस अडतो, ज्याच्या मर्जीवर रजा मिळते, त्याच्याच. 'हिचा ॲटिट्यूड नीट नाही' या वाक्याचा खरा अर्थ अनेकदा 'हिनं मला प्रश्न विचारला' असा असतो. ग्रामीण भागातून आलेला, इंग्रजीत अडखळणारा मुलगा 'संवादात कमी' ठरेल, आणि शहरी इंग्रजीत चुकीचा डोस आत्मविश्वासानं सांगणारा पुढे जाईल. मुंबईत २०१९ मध्ये एका आदिवासी निवासी डॉक्टरनं आत्महत्या केली आणि तिच्या सीनियरांवर छळाचा खटला उभा राहिला; ती भूलशास्त्राची नव्हती, पण वॉर्ड आणि ओटीतली उतरंड सगळीकडे तीच. अशा घरात नवी छडी आणून ठेवायची का? समर्थक याला 'अंमलबजावणीचा प्रश्न' म्हणतात. मला तो मुळाचाच प्रश्न वाटतो. ब्रॉमिलींच्या नर्सना ठासून बोलता आलं नाही ते उतरंडीमुळे. त्याच उतरंडीच्या माथ्यावरून 'तू मोकळेपणानं बोलत नाहीस' असा शेरा खाली सोडला तर त्याला काय म्हणावं?

म्हणून सुरुवात उलट्या टोकानं करावी. पहिलं अख्खं सत्र हे कागद फक्त शिक्षकांवर भरले जावेत. एचओडी, प्रोफेसर, लेक्चरर केस घेत असताना रेसिडेंट, सिस्टर आणि टेक्निशियन यांनी काय दिसलं ते लिहावं: सरांनी प्लॅन आधी सांगितला का, मदतीला हाक मारली का, सिस्टर काही म्हणाली तेव्हा मान वर केली का. नाव लिहायची सक्ती नको. याला विरोध होईल, आणि विरोध कोण करतं हे बघण्यासारखं असेल. जे शिक्षक 'हे मोजता येत नाही' म्हणतात त्यांना आपल्यावर लिहिलेलं वाचून त्यातलं किती खरं आहे ते स्वतःच ठरवता येईल. जे 'हे सहज मोजता येतं' म्हणतात त्यांना एकाच केसबद्दल तीन माणसांनी लिहिलेले तीन निरनिराळे कागद मिळतील. मग तिघांना एकत्र बसवून विचारावं लागेल, की तू 'मदत मागितली' असं लिहिलंस आणि तू 'नाही मागितली' असं, तर नेमकं काय ऐकलंत? दोन परीक्षकांत मेळ आणायचा तो असाच येतो, चित्रफितीवरच्या एका दिवसाच्या प्रशिक्षणानं येत नाही हे ऑस्ट्रेलियानं दाखवलंच आहे. त्या सत्राच्या शेवटी विभागाकडे स्वतःची यादी असेल, ती वापरायचा सराव असेल, आणि पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटनं सरांची चूक लिहूनही त्याचा थिसिस वेळेवर सही होऊन आला की नाही, हेही एव्हाना सगळ्यांना कळलेलं असेल. रेसिडेंटांवर पहिला कागद भरायचा तो त्यानंतर.